बोटीवरची संगीतखुर्ची

"ताई, हात सोडा! हात धरून खेळायचं नसतं, चीटिंग आहे ही!" मोनिका माइकमधून ओरडली आणि सगळी बोट हसली.

देवश्रीनं सासऱ्यांचा हात सोडला नाही. "बाबा नुसते बसतील. आम्ही दोघं बघतो ना," ती म्हणाली. पण माइकपुढं कुणाचं काय चालणार?

"आज ऐंशीवा वाढदिवस कुणाचा? आजोबांचा! मग आजोबांशिवाय खेळ कसा?" बोटीवरच्या मंडळींची करमणूक करणं हे मोनिकाचं काम होतं आणि ते ती मनापासून करत होती. अंताक्षरी झाली होती, हाऊजी झाली होती, नातवंडांचा नाचही झाला होता. आता आजीपासून पणतीपर्यंत सगळ्यांना जमेल असा खेळ म्हणून संगीतखुर्ची. डेकच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या होत्या, नियमाप्रमाणं माणसांपेक्षा एक कमी.

"अगं, सोड की," धवल बायकोला म्हणाला. "सकाळपासून कैद्यासारखं धरून ठेवलंयस बाबांना. इथून कुठं जाणार आहेत ते? चहूकडं पाणी आहे."

हेच तर ती सकाळपासून सांगत होती.

तिच्या सासऱ्यांनी, हेमचंद्रांनी, सगळी नोकरी पारनेरच्या शाळेत केली, रोज नगरहून एसटीनं जाऊन-येऊन. अलीकडं ते बरंच विसरले होते. ती एसटी तेवढी डोक्यात राहिली होती. गाडी कुठलीही असो, वेग जरा कमी झाला की उठायचे, पिशवी सावरायचे आणि दाराकडं निघायचे. मध्यंतरी सावेडीत चालत्या रिक्षातून त्यांनी पाय बाहेर टाकला होता. मनगट धरायला शेजारी देवश्री होती म्हणून निभावलं. घरात हा किस्सा विनोदी म्हणून सांगितला जायचा. त्यांची नात रुचा तर त्याची नक्कलही झकास करायची.

भंडारदऱ्याच्या पाण्यावर वारा सुटला होता. केक कापताना फोटोत वाईट दिसतात म्हणून सगळ्यांनी लाइफ जॅकेटं काढून कोपऱ्यात टाकली होती. आजोबांचं जॅकेट रुचानं स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. बोटीला कठडा होता, पण चढण्या-उतरण्याच्या जागी नुसती एक साखळी लावलेली होती.

"ताई, आम्ही थांबलोय!" मोनिका म्हणाली.

देवश्रीनं हात सोडला. खोटं कशाला बोला, सोडल्यावर तिला फार बरं वाटलं. मनगट धरून धरून तिची बोटं आखडली होती. कुणीतरी 'सोड' म्हणावं याची आपण किती महिने वाट बघत होतो, हे तिला तेव्हाच कळलं आणि स्वतःची लाजही वाटली.

गाणं सुरू झालं. सगळे खुर्च्यांभोवती फिरायला लागले, गाणं थांबलं, ढकलाढकली झाली. हेमचंद्रांना बरोबर खुर्ची मिळाली. पण समोर इंदूताई उभ्या राहिलेल्या दिसताच ते अदबीनं उठले.

"बसा बाई, बसा. मी पुढच्या स्टॉपला उतरतोच आहे."

एकच हशा पिकला. "अहो, मी बाई कसली, बायको आहे तुमची!" इंदूताई डोळे पुसत म्हणाल्या. हसून पुसत होत्या की कसं, ते कुणी बघितलं नाही.

"आजोबा जंटलमन! दोघंही इन!" मोनिकानं कुणालाच बाद केलं नाही. खुर्च्या होत्या तेवढ्याच ठेवल्या आणि गाण्याचा आवाज वाढवला.

"त्यांना आता बसवा ना कुणीतरी," देवश्री म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. सुकाणूवरून छगन ओरडला, "समोर रतनगड आलाय बगा! बोट स्लो करतो, फोटू काडून घ्या!" गाण्याच्या दणक्यात त्यातलं अर्धंच कुणाला कळलं असेल. इंजिनाचा वेग उतरला. कानांना ते समजलं नाही, पण देवश्रीच्या तळपायांना समजलं. फळ्यांची थरथर एकदम कमी झाली होती.

ती जागच्या जागी थांबली.

"बघतेस काय, पळ!" मागून धवलनं तिच्या खांद्याला ढकललं. पुढं पोरं उड्या मारत होती, मागं धवल होता, पलीकडच्या बाजूला नुसतीच डोकी आणि हात दिसत होते. बाबा तिकडच्या बाजूला असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. वळसा घातला की दिसतील. ती पळाली. वळशाला रुचा होती. रुचाच्या पुढं इंदूताई होत्या.

गाणं थांबलं. सगळे धपाधप बसले. धवलनं देवश्रीला हाताला धरून शेजारी बसवलं.

"चला, आऊट कोण?" मोनिका माइक घेऊन खुर्च्यांभोवती फिरली. पोरांनी एकमेकांकडं बोटं दाखवली. उभं कुणीच नव्हतं. "अरेच्चा! आऊट झालं कोण?"

"कुणीच नाही गं!" इंदूताई हरखून म्हणाल्या. "या खेपेला सगळ्यांना जागा मिळाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. छगननं बोटीला पुन्हा वेग दिला. देवश्रीनंही सगळ्यांबरोबर एक टाळी वाजवली. दुसरीसाठी उचललेले हात तसेच राहिले.