वेल्डाला, जन्मभरासाठी

वायोमिंगमधल्या त्या गावात बंदुका दुरुस्त करणारा ऑरविल एकटाच. ड्वेनने त्याच्यासमोर एक जुनं पिस्तूल ठेवलं. त्याच्या पोलादी अंगावर झोकदार अक्षरांत कोरलं होतं : ‘वेल्डाला, जन्मभरासाठी. — क्लिफर्ड.’

“जुन्या मालाच्या दुकानात मिळालं. लग्नात वेल्डाला द्यायचंय,” ड्वेन हरखून म्हणाला. “नशीब बघ, नावसुद्धा तेच निघालं! फक्त हा क्लिफर्ड कोण आहे त्याला घासून टाक, आणि तिथे माझं नाव घाल.”

ऑरविलने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. गावात वेल्डा एकच होती. सांगून टाकावं असं अगदी जिभेवर आलं. पण पन्नाशीच्या त्या नवरदेवाने लग्नासाठी नवी कोरी हॅट घेतली होती आणि दुकानाच्या काचेत बघून तो ती सारखी नीट करत होता.

“पिस्तुलाच्या नंबराला मी हात लावत नाही, तो गुन्हा आहे,” ऑरविल म्हणाला. “बाकी कुणालाही घासून काढतो. ‘जन्मभरासाठी’ तसंच ठेवायचं ना?”

“म्हणजे काय! आणि माझं नाव चांगलं खोल कोर हं. मरेपर्यंत टिकलं पाहिजे.”

“बघतो कितपत जमतंय.”

ड्वेन गेल्यावर ऑरविलने क्लिफर्डला साफ घासून काढलं आणि ‘ड्वेन’ हलक्या हाताने, अगदी वरवर कोरलं. खोल कोरायला तिथे पोलाद तर उरायला हवं. क्लिफर्डच्या आधीची दोन नावंही त्यानेच घासली होती.