उजवीकडे

टिकली पुन्हा उजवीकडे वळली.

समोर निळा बोगदा होता. तिसऱ्या आडव्या दांडीवरून उडी मारली की सरळ त्यात शिरायचं, एवढंच. सायलीच्या बाळंतपणाआधी टिकलीने हे डोळे मिटून केलं असतं. आता सायली तिच्या डावीकडून धावत "बोगदा, बोगदा!" म्हणून ओरडत होती आणि कुत्री तिच्यापासून लांब, पार मैदानाच्या कडेला जाऊन उभी होती. जीभ बाहेर, शेपूट हलतंय. जणू काही बिघडलंच नाही.

"बघितलंस?" यशोदाबाई भावाला म्हणाल्या. त्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर सात महिन्यांची नात, आरू, त्यांच्या पदराचं टोक चघळत होती.

"दिसतंय ना, अक्का. लय रुसलीय ती."

गोरक्षमामा निफाडहून टेम्पो घेऊन आले होते. त्यांच्या द्राक्षबागेला राखण हवी होती. दिवसा साखळीला, रात्री मोकळी. सायलीने सासूबाईंकडून फक्त आजचा सराव मागून घेतला होता. टिकली नीट धावली तर राहील. नाहीतर आजच जाईल.

यशोदाबाईंचा कुत्रीवर राग नव्हता. पाथर्डी फाट्यावरून उचलून आणलेल्या त्या लुकड्या पिल्लाला दुधात भाकरी कुस्करून त्यांनीच वाढवलं होतं. त्यांना भीती होती ती नातीची. सायली बाळाला घेऊन मनमाडहून, माहेरून परत आली आणि पहिल्याच सरावाला टिकली तिच्यापासून दूर पळाली. मग रोजच.

"तिला कळलंय, आपण आता दोन नंबरला," यशोदाबाई म्हणायच्या. "आज तुझ्यावर राग काढतेय. उद्या पोरीवर काढला म्हणजे?"

वाईट हे, की हळूहळू सायलीलाही तसंच वाटायला लागलं होतं. पूर्वी टिकलीच्या पोटावर डोकं ठेवून ती खुशाल दुपारची झोप काढायची. आता आरू झोपली की टिकली पाळण्याखाली अंग टाकायची, आणि सायली तिच्यावर नजर ठेवून जागी बसायची. झोपेने डोळे जळत असले तरी.

कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवणारा वसीमही चक्रावला होता. त्याच्याबरोबर टिकली बोगद्यात बाणासारखी घुसायची. नडायचं ते फक्त सायलीबरोबर.

"ताई, अजून एकदा," तो म्हणाला. 'शेवटचं' हा शब्द त्याने गिळला. तो सायलीला ऐकू आलाच.

मामा टेम्पोचा फाळका उघडायला गेले.

सायलीने गुडघ्यावर बसून टिकलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग उठली आणि धावली. पहिली उडी. दुसरी. तिसरी. बोगदा समोर होता.

टिकली उजवीकडे गेली.

सायली होती तिथेच थांबली. आणि तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. यशोदाबाई हसत होत्या, आरू त्यांच्या मांडीवर गदगदा हलत होती.

"अगं, पोर माझ्याकडे आहे! तू कुणाला कडेवर घेऊन पळतेयस?"

सायलीने खाली पाहिलं. डावा हात कोपरात दुमडून पोटाशी आलेला. कंबर डावीकडे काढलेली. डावा खांदा पुढे, सगळं अंग उजवीकडे वळलेलं. आणि हातात कुणीच नाही. कुकर लावताना, कपडे वाळत घालताना, दारावर भाजी घेताना आरू तिथेच असायची. ती उतरली तरी अंगाला ते कळलं नव्हतं.

वसीमने कपाळावर हात मारून घेतला.

"काय यार! आणि मी इतके दिवस कुत्रीकडेच बघत बसलो." तो धावतच आला. "ताई, डावा हात सोडा खाली. एकदम सैल. दोन्ही खांदे बोगद्याकडे. आणि तोंडाने एक शब्द नको."

सायली धावली. सोडलेला हात तिला परक्याचा वाटत होता. नुसताच लोंबतोय, काहीतरी सांडल्यासारखा. एक उडी, दुसरी, तिसरी. तिने दात घट्ट दाबले. खांदे सरळ ठेवले.

टिकली सरळ गेली.

बोगद्याचं निळं कापड आतून थरथरत पुढे सरकलं आणि दुसऱ्या टोकातून काळं नाक बाहेर आलं. सायली मटकन गवतात बसली. टिकली भरधाव येऊन तिच्यावर आदळली, तिला आडवी केली, आणि तिचे कान, नाक, भिजलेले गाल, जे सापडेल ते चाटत सुटली. सायलीने डोळे मिटून घेतले. किती तरी दिवसांनी ते जळत नव्हते.

"मग, अक्का? बसवायची का गाडीत?" मामांनी टेम्पोपाशीच उभं राहून विचारलं.

"फाळका लाव तू. आणि घरी चल जेवायला." यशोदाबाई आरूला घेऊन उठल्या आणि वसीमजवळ आल्या. "काय रे, हिने हात खाली सोडला आणि टिकलीचा राग गेला? असा कसा राग?"

"राग नव्हताच, मावशी. कुत्रं शब्द नंतर ऐकतं, आधी आपला खांदा बघतं. खांदा त्याच्याकडे वळला की त्याला वाटतं, सरक म्हणतायत." वसीमने गवतातल्या दोघींकडे पाहिलं. "ताई रोज बाळाला घेऊन पळत होत्या. ही रोज त्या मायलेकींना वाट करून देत होती."