उभ्या गाडीचा वेग

"किती दिसतंय?" हितेंद्रने बॉनेटखालून विचारलं.

"बासष्ट," आई म्हणाली.

"ते नाय गं. मधला मोठा आकडा सांग. वेगाचा."

"तोच सांगतंय. बासष्ट होतो, आता चौसष्ट झालो."

हितेंद्रने मान वर केली. परळच्या चाळीच्या आवारात गाडी उभी होती. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. इंजिन चालू होतं, पण गाडी तसूभरही हलली नव्हती. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. शेजारच्या सीटवर त्याची आई, लक्ष्मीबाई, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या, गावी निघाल्यासारख्या.

सिंगापूरहून बोटीने आलेली ही जुनी जपानी गाडी. तिच्या डॅशबोर्डवर काटे नव्हते, सगळे हिरवे आकडे. निलेशचा, हितेंद्रच्या धाकट्या भावाचा, त्या आकड्यांवर जीव होता. गेल्या वर्षी गावी जाताना त्याच्या छातीत कळ आली. त्याने घाटात गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बसल्या जागी गेला. इंजिन मात्र चालूच राहिलं. माणसं पोचेपर्यंत तेही तापून जाम झालं होतं. इंजिन तेवढं बदलता आलं.

गाडी भंगारात द्या, असं सगळ्यांनी सांगून झालं. शिवडीला ट्रकांचं वायरिंग करणाऱ्या हितेंद्रने कुणाचंच ऐकलं नाही. आईने गावाचं नावच टाकलं होतं. घरातही ती असून नसल्यासारखी असायची. फार आग्रह केला की म्हणायची, "जायन तर निलेशच्या गाडीतना. त्याचे आकडे पेटतीत तेव्हा." हितेंद्रला आई परत हवी होती, म्हणून त्याने गाडीला हात घातला. आज दसऱ्याच्या मुहूर्तावर आकडे पेटलेही, पण हे असे.

"खंय चललो तो?" आईने विचारलं.

"कोण कुठे चाललाय?"

ती काचेतून समोरच्या भिंतीकडे पाहत होती, रस्त्याकडे पाहावं तशी. "माका सगळे म्हणतत, गाडी उभी होती. उभ्या गाडीत गेलो, म्हणान सुखान गेलो. ही पण उभीच आसा." तिने आकड्यावर बोट ठेवलं. "मगे ह्या काय?"

स्वतःच्या हाताने केलेल्या वायरिंगची भीती वाटावी याची हितेंद्रला लाज वाटली, पण भीती वाटली ती वाटलीच.

"अगं, तसं काय नाय. नव्या इंजिनची ठिणगी वेगाच्या वायरीत शिरते. त्या वायरीवरची जाळी बॉडीला नीट टेकली नाय, की असले खोटे आकडे येतात."

"सत्तर," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हळू जा रे, बाबा."

ते हितेंद्रला उद्देशून नव्हतं.

तो पुन्हा वाकला. जाळीची वायर जिथे बॉडीला लावली होती, तो बोल्ट त्याने सैल केला. खाली सगळं लाल होतं. तिथला रंग घासून त्याने सकाळीच रुपयाएवढा पत्रा चकचकीत केला होता. मग पूजा झाली. आईने बॉनेटला झेंडूचा हार घातला, पान्यांना आणि पकडींना हळदकुंकू वाहिलं, आणि त्या चकचकीत जागेवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं जाड बोट ओढलं. कपाळासारखं मोकळं दिसतंय, म्हणाली. आईने लावलेलं कुंकू पुसायचा धीर हितेंद्रला झाला नाही. त्याने त्याच्यावरच बोल्ट आवळला. त्याच्या दुकानात कुणी असं काम केलं असतं, तर त्याला चार शिव्या ऐकाव्या लागल्या असत्या.

"आई, कुंकू पुसावं लागेल."

"पुसलंस तर थांबतलो?"

"आकडा थांबेल."

"ताच विचारतंय."

हितेंद्र चिंधी हातात घेऊन उभा राहिला. घाटातल्या त्या दिवसानंतर आई पहिल्यांदा मोकळेपणी कुणाशी तरी बोलत होती. तेही निलेशशी, आणि ते बंद करायचं काम त्याच्याच वाट्याला आलं होतं. त्याला भावाचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा करायचा म्हणजे हद्द झाली, पण आत बसलेली बाई त्याचीही आईच होती. राहू द्यावं का तसंच, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. असल्या आकड्यांवर गाडी रस्त्यावर काढता आली नसती, पण आई रोज येऊन बसली असती.

"पूस," आई म्हणाली. "वर्षभर धावताहा तो. दमलो आसतलो."

त्याने चिंधीने कुंकू पुसलं, पत्र्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि बोल्ट आवळायला घेतला. आतून आई वाचत होती, पोराला पाठ म्हणून दाखवावं तशी सावकाश.

"अठ्ठावन. चाळीस. बावीस."

त्याने पान्याला शेवटचा हिसका दिला.

"सात," आई म्हणाली.

"आता किती, आई?"

"शून्य."

हात पुसत तो किल्ली बंद करायला ड्रायव्हरच्या बाजूला आला. त्याने दार उघडलं, तेव्हा आईने पहिल्यांदा मान वळवून रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"उतर रे आता," ती म्हणाली. "घर इला."

किल्लीकडे गेलेला हात हितेंद्रने मागे घेतला, आणि दार धरून तो बाजूला झाला.