शाळेची बंडी

अन्नपूर्णाबाई म्हणजे गावच्या शाळेतून चौथी पास झालेली पहिली मुलगी. "माय, पोरं मिळाली नाही त शाळा बंद होते," तिथेच गुरुजी असलेला मुलगा म्हणाला, तेव्हा उन्हाळाभर त्या घरोघर फिरल्या. आज शाळेचा पहिला दिवस. त्यांनी पहाटेपासून सजवलेल्या बैलबंडीत नऊ पोरं बसली होती. नातीला घ्यायला बंडी मुलाच्या दारी थांबली. नात टाय लावून बाहेर आली आणि कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाडीत चढली. "काऊन रे?" त्यांनी मुलाला विचारलं. "शाळेत मी काय शिकवतो, मले माहीत नाही का?" तो पुटपुटला. बंडीमागे चालत आलेल्या पोरांच्या आयांनी ऐकलं. "काकू, तुमच्या शब्दावर देल्ली होती पोरगी," म्हणत एकीने मुलीला खाली घेतलं. "माय, सांग ना त्यायले!" मुलगा म्हणाला. "सांगूनच त आणलं होतं," बाई म्हणाल्या आणि दुसरं पोर त्यांनी स्वतः उतरवून दिलं.