राहून गेलेली नोंद

सात वर्षांनी माहेरी आलेली शाल्मली वडिलांच्या पाया पडायला वाकली. खुर्चीतल्या कोर्लेकर मास्तरांचा हात जागचा हलला नाही.

"अजून राग आहे?" तिने आईला विचारलं.

"नाही गं. या दुखण्यात हात पार झिजून गेले. आता ही यंत्राची बाहीच ते हलवते. पण अंगात ताकद होती तेव्हा नोंदवून ठेवलेल्या हालचालीच तिला येतात. जेवणं, लिहिणं, चष्मा पुसणं. आशीर्वादाचा हात नोंदवायचा का, असं तेव्हा विचारलं होतं. तू नुकतीच लग्न करून निघून गेली होतीस. म्हणाले, आता कुणाला द्यायचाय."

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांच्या मनातलं ओळखून बाही जवळची एखादी हालचाल शोधत राहिली. मग हात उचलला गेला, शाल्मलीच्या डोक्यावर टेकला आणि डावीकडून उजवीकडे फिरू लागला. चौतीस वर्षं मास्तर वर्गात असाच फळा पुसत आले होते.

आई बाही बंद करायला पुढे झाली.

"राहू दे," शाल्मली म्हणाली, आणि अख्खा फळा पुसून होईपर्यंत वाकूनच राहिली.