न वाजणारा प्लेअर

नागपूरहून बंगळुरूच्या व्हाइटफील्डला लेकाकडे राहायला आलेल्या पुरुषोत्तमरावांनी महिनाभर "मला परत नेऊन सोडा" असा धोशा लावला होता. मग त्यांचा छोटा म्युझिक प्लेअर पेनड्राइव्ह ओळखेनासा झाला आणि तो विषय मागे पडला. आता ते रोज संध्याकाळी प्लेअर घेऊन बिल्डिंगमधल्या कुणा ना कुणाकडे जात आणि जेवायच्या वेळेला परतत.

सुनेला, सुचेताला, त्यांची दया आली. रविवारी तिने प्लेअर हातात घेऊन उलटासुलटा केला. बाजूचं बटण रेडिओवर होतं. तिने ते यूएसबीवर सरकवताच गाणं खणखणीत सुरू झालं.

"बाबा, एवढ्या इंजिनिअरांच्या बिल्डिंगमध्ये हे कुणालाच दिसलं नाही?"

"सगळ्यांनाच दिसलं नं, बेटा. सगळ्यांनीच दुरुस्त करून दिला. वरून कॉफी पाजली, अन् 'स्वल्प बसा' म्हणत गप्पाही मारल्या."

पुरुषोत्तमरावांनी पायात चपला सरकवल्या, प्लेअर उचलला आणि बटण अलगद परत रेडिओवर नेलं.

"येतो. आज पाचव्या मजल्यावरच्या शेट्टी अण्णांना दाखवायचाय."