पाठ लागल्यावर

जयराजनं फोनमधली यादी पुसली, तेव्हा त्याची बायको क्रांती त्याच्यापुढं चहा ठेवत होती.

“सगळ्या फायटी घालवल्या?” तिनं विचारलं. “सा वर्सं जमवत हुता की.”

“घालवल्या.”

यादी म्हणजे जयराजचा जीव. आजवरच्या सगळ्यात भारी दहा फायटी. भुवई फुटून डोळा मिटला तरी पाच फेऱ्या उभी राहिलेली माणसं होती तिच्यात. कुठली फायट वर, कुठली खाली, यावरून तो मलकापूरच्या चौकात कुणाशीही तासभर भांडायचा. आता दहा दिवस झाले, त्यानं चौक बघितला नव्हता.

पुण्यात जाळीच्या पिंजऱ्यात त्याची आणि जतच्या मल्हारची फायट झाली होती. मल्हारही तालमीतलाच, लाल मातीतला. कुणीतरी त्या फायटीचा व्हिडिओ टाकला आणि चौकातल्या टवाळांनी दहा भारी फायटींची नवी यादी केली. पहिल्या नंबरावर हीच. सतरा जणांनी ती जयराजला पाठवली होती. माणसाला मेल्याहून मेल्यासारखं करायचं म्हटलं की लोकांना वेळच वेळ असतो.

“कालबी चौकातली मानसं येऊन गेली,” क्रांती म्हणाली. “घरात न्हाईत म्हनून सांगितलं. किती दिस तोंड लपवनार हाय तुमी?”

त्यानं फोन उपडा ठेवला आणि कप ओढला.

“वस्ताद मिरजेस्नं आल्यात,” ती म्हणाली. “यष्टीतनं उतरून सरळ तालमीत गेल्यात. तुमाला बोलावलंय. पोरांनाबी.”

कशाला, ते दोघांनाही ठाऊक होतं. हंबीरराव वस्ताद थकले होते. डोळ्याच्या ऑपरेशनला जातानाच ते म्हणाले होते, परत आलो की तालीम कुणाच्यातरी हवाली करतो. जयराज नऊ वर्षांचा असल्यापासून त्या मातीत लोळला होता. बाप सैन्यात, वर्षातनं एकदा घरी. चार माणसांत कसं वागायचं हे त्याला वस्तादांनीच शिकवलं. ती तालीम त्याला हवी होती. दुसरं काहीच त्याला इतकं हवं नव्हतं, आणि नेमकं तिथं जायलाच पाय उचलत नव्हते.

तरी तो गेला.

तालमीत वीसेक पोरं भिंतीला टेकून उभी होती. तो आत आला तशी कुजबुज थांबली. वस्ताद लाल मातीच्या हौद्याच्या कडेला बसले होते. डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा होता.

“जयराज का रं?”

“व्हय वस्ताद.” त्यानं पायाला हात लावला.

“बस हितं. यष्टीत माझ्या म्होरं दोन पोरं हुती. फोनवर तुजी फायट बघत हुती. जयराज, जयराज चाललेलं त्यांचं. मला ह्या चष्म्यातनं काय दिसतंय? पर कान शाबूत हायत.”

जयराज त्यांच्याशेजारी बसला.

“हसत हुती गाढवं. म्हनं, तालमीतल्या येड्यानं ढाक मारून गडी पाडला, पाठ लावली आन जिकलो म्हनून त्येलाच उठवायला हात दिला. खालच्यानं त्योच हात धरला, पायात घेतला आन कोपर मोडलं. आसं झालं?”

“आसंच झालं.”

“पिंजऱ्यात पाठ लागून कुस्ती मिटत न्हाई, व्हय?”

“न्हाई वस्ताद. तितं चालूच ऱ्हाती.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं जयराजला झालं. पोरांकडं बघायची त्याला हिंमत नव्हती.

“कोपर बघू.”

वस्तादांनी त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. पन्नास वर्षं त्यांनी पैलवानांची हाडं बसवली होती. त्यांनी अंगठ्यानं सांधा दाबला, हात वाकवला, सरळ केला. मग डावाही तसाच बघितला.

“कुनी बसवला रं? मोडल्यालं कळतबी न्हाई. हाड चिवट हाय तुजं.”

जयराजनं हात मागं घेतला आणि मान खाली घातली.

“मान खाली का? लाज कसली?” वस्ताद म्हणाले. “ढाक मीच शिकवली. पाठ लागली की वैर मिटलं, पडल्याला हात देऊन उठवायचा, ह्येबी मीच शिकवलं. हजार मानसं वरडत आस्ताना तू त्ये इसरला न्हाईस. म्या जल्मभर लय कुस्त्या बघितल्या, जयराज. फडातल्या बघितल्या, जत्रंतल्या बघितल्या. तुजी न बघताच सांगतो, ही सगळ्यात भारी.”

पोरांत थोरला ऋषिराज होता, तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या.

वस्तादांनी कनवटीची किल्ली काढली.

“तितंबी ज्येच्यातनं आपली माती गेली न्हाई, त्येच्याकडंच तालीम द्यायची. यष्टीतच ठरवलं म्या. उद्यापास्नं पोरं तुजी.”

किल्ली जयराजच्या तळहातावर आली. तिला वस्तादांच्या अंगाची ऊब होती. पोरं काही बोलणार नव्हती. मलकापुरात वस्तादांना दुखवायची कुणाची छाती नव्हती, आणि म्हातारा आयुष्यात फोन हातात धरणार नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं. गेले दहा दिवस तो तेच करत आला होता.

त्यानं वस्तादांचा हात उलटा केला आणि किल्ली त्यांच्या मुठीत परत ठेवली.

“वस्ताद,” तो म्हणाला, “पाठ माजी लागली हुती. हात मल्हारनं दिला.”